नऊ पिना आणि शिवणाचा डबा

मुलांनो, जरा डोळे मिटा. पूर्ण नका मिटू, नाहीतर पुढचं वाचणार कसं? अर्धे मिटा. आता अशी कल्पना करा की तुमच्या मांडीवर एक हिरवा बोर्ड आहे. जेवणाच्या ताटाएवढा. त्याच्यावर काळ्या चौकोनी चिपा मुंगळ्यांसारखे पाय रोवून ओळीनं बसल्या आहेत. एका कडेला सॉकेट आहे आणि त्यात नऊ बारीक पिना. कधीकाळी हा बोर्ड एका कॉम्प्युटरच्या पोटात होता आणि या नऊ पिनांपैकी कुठल्यातरी पिनेतून पडद्याकडे चित्र जात होतं. कुठल्या पिनेतून? ते कुणी कुठंही लिहून ठेवलेलं नाही. तुम्ही दरडावून विचारलंत तरी नवांपैकी एकही पिन कबुली देणार नाही.

आलं डोळ्यांपुढे? आता त्यात एवढंच घाला की आज मंगळवार आहे, रविवारी सकाळी दहा वाजता भंगारवाला येणार आहे, आणि तुमची बायको तुमच्यापासून काहीतरी लपवते आहे. बायको नसेल तर तूर्त माझी घ्या.

त्याचं असं झालं. पुढच्या सोमवारपासून घराला रंग लागणार होता आणि रंगाऱ्यानं माळा रिकामा करून मागितला होता. मी शिडीवर चढलो होतो आणि खाली शिडी धरून माझी नात उभी होती. सुट्टीला आली होती. वय दहा. तिला घरात सगळे मिरी म्हणतात, कारण आकार तेवढा आणि तिखटपणाही तसाच. एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेला हा बोर्ड मी तिच्या हातात दिला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिची आजी बाहेर आली. बोर्ड पाहिला आणि म्हणाली, "ते भंगारात टाका."

आता आमच्या हिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. ही औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या घड्या घालते. तुटलेल्या छत्रीची काडी आमच्याकडे गेली अकरा वर्षं 'कशाला तरी उपयोगी पडेल' म्हणून दाराआड उभी आहे. चाळीस वर्षांच्या संसारात 'टाका' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. माझ्या मनात संशयाचं पहिलं बी तिथं पडलं.

"कुठला गं हा?" मी शिडीवरूनच विचारलं.

"माझ्या ऑफिसातला. जुनी मशिनं मोडीत काढली तेव्हा आणला होता."

"कशाला?"

"असाच."

"असाच म्हणजे कसा, आजी?" मिरीनं विचारलं.

"गॅसवर दूध आहे," असं म्हणून आजी आत गेली.

गॅसवर दूध नव्हतं. मी खाली उतरून मुद्दाम पाहून आलो.

ही आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात बिल विभागात होती. तिथं ती बिलं टाईप करायची, एवढं मला माहीत होतं. बिलं टाईप करणाऱ्या बाईनं एक आख्खा बोर्ड टॉवेलात गुंडाळून घरी का आणावा? आणि इतकी वर्षं जपून आता घाईघाईनं का टाकावा? म्हणजे त्या बोर्डात काहीतरी होतं, आणि ते मी पाहू नये अशी कुणाची तरी इच्छा होती. मी तेहतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे. पुराव्यावरून निष्कर्ष काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता.

बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या चिपेला पाठीवर काचेची एक चिमुकली खिडकी होती आणि त्या खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला होता. त्यावर शाईनं फक्त तीनचा आकडा. मिरीनं नखानं कागद उचकटायला घेतला मात्र, आतून आवाज आला, "तो कागद काढायचा नाही हं! उजेड लागून लागून आतलं पुसलं जातं."

"आजीला उन्हाची फार काळजी," मी मिरीला समजावलं. "पडद्यांचे रंग उडतात म्हणून ती खिडक्यासुद्धा लावून घेते."

इथं तुम्ही मला हसणार आहात. हसा. पण शेवटी हसा, म्हणजे एकदाच हसून भागेल.

मी मिरीला शब्द दिला. रविवारी दहाच्या आत या बोर्डाच्या पोटात जे काही आहे ते टीव्हीवर दाखवीन. आजीनं लगेच आतून पुस्ती जोडली, "आणि नाही दाखवलंत, तर मुकाट्यानं देऊन टाकायचा."

"कबूल," मी म्हणालो. मास्तरचा शब्द होता तो, आणि समोर नात उभी होती.

आमच्याकडे शिकवण्याची एक पद्धत आहे, तीही सांगून ठेवतो. खिडकीजवळ हातांची एक खुर्ची आहे. तिच्यात शिकवणारा बसतो. तिच्यापुढे एक बुटकं स्टूल असतं. त्यावर शिकणारा बसतो आणि वहीत लिहून घेतो. शिकणारा खाली बसला की त्याची नजर बरोबर शिकवणाऱ्याच्या हातांवर येते, हे मी अनुभवानं सिद्ध केलेलं आहे. खुर्चीत अर्थात मी बसतो. स्टुलावर माझी मुलं बसली, पुतणे बसले, लग्नानंतर काही वर्षं आमची हीसुद्धा बसली, आणि आता मिरी बसते.

तर बोर्डाला वीज द्यायची जागा सोपी होती, तिथं पाच व्होल्ट असं छापलेलंच होतं. वीज दिली, कोपऱ्यातला लाल दिवा लागला. म्हणजे गडी जिवंत होता. पण नऊ पिनांपैकी कोण काय बोलतंय ते डोळ्यांनी कसं दिसणार? त्यासाठी ऑसिलोस्कोप हवा. डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकतात ना, तसा हा विजेचे ठोके पडद्यावर काढून दाखवतो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक होता. मी स्वतः तो वापरायचो. म्हटलं, जाऊन घेऊन येऊ, अर्ध्या तासाचं काम.

शाळेचा हेडक्लार्क माझाच विद्यार्थी. एके काळी मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नसते' असा शेरा मारला होता. आता त्याचं फार लक्ष असतं.

"सर," तो रजिस्टर चाळत म्हणाला, "ऑसिलोस्कोप नावाची वस्तू शाळेकडे नाही."

"अरे, ती बघ. काचेच्या कपाटात दिसतेय."

"कपाटात दिसतेय हो. पण रजिस्टरमध्ये नाही. जी वस्तू शाळेकडे नाहीच, ती मी बाहेर कशी देऊ? आणि दिली, तर परत काय घेऊ?"

आम्ही दोघं रजिस्टर पहिल्या पानापासून चाळायला बसलो. बुधवारचा आख्खा दिवस गेला. गुरुवारी दुपारी शोध लागला की एक्केचाळिसाव्या ओळीत 'दूरदर्शन संच, लहान, बटणांचा, नादुरुस्त' अशी नोंद आहे. पडदा दिसला म्हणून कुणीतरी टीव्ही लिहिलं होतं आणि त्यावर कुठलाच कार्यक्रम लागला नाही म्हणून नादुरुस्त.

"मग टीव्हीसाठी अर्ज करा, सर."

मी केला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, घरी पाहण्यासाठी. त्यानं अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. "सर, राग मानू नका. पण नादुरुस्त टीव्ही घरी नेऊन तुम्ही पाहणार काय?"

शेवटी वस्तू नादुरुस्त असल्याचा दाखला विषयतज्ज्ञ म्हणून मीच द्यायचा, असं ठरलं. मी दिला. आपल्या हातानं, सहीनिशी. निघताना त्यानं बजावलं, "आणि परत करताना नादुरुस्तच असला पाहिजे हं, सर. नाहीतर रजिस्टर चुकेल."

शुक्रवारी संध्याकाळी मी तो वीस किलोचा नादुरुस्त टीव्ही छातीशी धरून आमच्या इमारतीत शिरलो. जिन्यात सेक्रेटरी उभे होते. हे गृहस्थ पूर्वी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचे. पन्नास-पंचावन्न हजार माणसांवर संशय घेऊन ते निवृत्त झाले आणि आता उरलेला संशय आमच्या चोवीस घरांमध्ये वाटतात.

"काय मास्तर, काय आणलंत?"

मला धाप लागली होती. वस्तू बाहेर नेण्यासाठी शाळेनं दिलेला पास मी नुसता पुढे केला.

"पासवर टीव्ही लिहिलंय," ते म्हणाले. "हा टीव्ही नाही."

"आहे."

"मग परवापासून आमच्या टीव्हीवर मुंग्या का दिसतायत?"

"अहो, मी आज आणला. तुमच्या मुंग्या परवाच्या."

"तेच म्हणतोय मी," ते हळूच म्हणाले. "तयारी आधीपासून चालू होती."

शनिवारी सकाळी आम्ही बसलो. मी खुर्चीत, मिरी स्टुलावर, तिच्या मांडीवर वही. ऑसिलोस्कोपला पेनासारखी एक सळई असते, तिला प्रोब म्हणतात. मी प्रोबचं टोक पहिल्या पिनेला लावलं. पडद्यावर हिरवी लाट उमटली. काय गोंडस लाट होती! शांत, गोल, झोपाळ्यासारखी. मिरीनं चौकटी मोजल्या. एका चौकटीला पाच हजारांश सेकंद असं बटण लावलं होतं. लाट चार चौकटींची निघाली. म्हणजे वीस हजारांश. म्हणजे सेकंदाला पन्नास!

"सापडली!" मी खुर्चीवरून उठलोच. "टीव्हीवर सेकंदाला पन्नास वेळा चित्र नव्यानं काढलं जातं. हीच ती पिन. लिही."

मिरीनं लिहिलं. मग म्हणाली, "दुसरी पण बघू या ना."

दुसरीवर तीच लाट. तिसरीवर तीच. नऊच्या नऊ पिनांवर तीच गोंडस लाट. मी मिरीला सांगितलं की जुन्या काळी माणसं सढळ हातानं काम करायची, चित्र नऊ ठिकाणांहून बाहेर काढायची. मिरीनं वहीत लिहिलं नाही. पेन्सिल चावत बसली.

एवढ्यात सेक्रेटरी 'सहज' आले. त्यांनी लाट पाहिली, नऊ पिना पाहिल्या आणि आयुष्यभराच्या सवयीनं प्रोब माझ्या हातातून काढून घेतला. खिडकीच्या गजाला लावला. लाट आली. टेबलावरच्या ओल्या फडक्याला लावला. लाट आली. मग त्यांनी प्रोबचं टोक स्वतःच्या बोटावर टेकवलं, आणि लाट एवढी मोठी झाली की पडद्यात मावेना.

"मास्तर," ते बोटाकडे बघत म्हणाले, "माझ्यातून चित्र बाहेर जातंय?"

मी प्रोब परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो सोडला नाही.

"कुणाकडे जातंय?"

स्वयंपाकघरातून शांतपणे प्रश्न आला, "अहो, चिमटा कुठं लावलाय?"

प्रोबला एक काळी शेपटी असते आणि तिच्या टोकाला चिमटा. तो लावल्याशिवाय मोजमाप खरं येत नाही, हे मी तेहतीस वर्षं शिकवलं. "लावलाय!" मी ओरडलो. "टेबलाच्या पायाला लावलाय! शाळेत लावायचो तसाच!"

हे बोलता बोलता मी टेबलाखाली वाकून पाहिलं. शाळेतल्या टेबलाच्या पायाजवळ पितळी खुंटी होती. ती फरशीखालून तारेनं जमिनीला जोडलेली, आणि टेबलावरची सगळी उपकरणं त्याच खुंटीला जोडलेली. सुरुवातीलाच प्रयोगशाळेच्या शिपायानं मला दाखवलं होतं, चिमटा इथं. तेव्हापासून टेबल दिसलं की माझा हात आपोआप खाली जायचा. आमच्या घरचं टेबल कशालाही जोडलेलं नाही. त्याचा एक पाय तर फरशीलासुद्धा टेकत नाही. म्हणजे सकाळपासून मी बोर्ड मोजतच नव्हतो. भिंतीतल्या तारांमधून घरभर जी वीज फिरते तिची गुणगुण मोजत होतो. ती तर सेकंदाला पन्नास असतेच. गजात असते आणि सेक्रेटरींच्या बोटातही असते.

मुलांनो, वहीत लिहून ठेवा. ज्या उत्तरानं आपल्याला फार आनंद होतो, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा. आणि सगळेच एकच जबाब देत असतील, तर साक्षीदार नाही, विचारणारा चुकला आहे. सेक्रेटरींनी हे वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं. त्यांना ते फारच आवडलं.

चिमटा बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पट्टीला लावला, आणि नऊ पिना नऊ तऱ्हेनं बोलायला लागल्या. दोन सपाट शून्यावर. एक सपाट पाच व्होल्टवर. दोन कुठंच न जोडलेल्या, रिकाम्या घरांसारख्या. उरल्या चार. मी खुर्चीत नीट टेकून बसलो, कारण आता खरं शिकवायचं होतं.

"हे बघ मिरे, टीव्हीचं चित्र म्हणजे वहीचं पान. लिहिणारा डावीकडून उजवीकडे एक ओळ लिहितो. ओळ संपली की टिचकी वाजवतो, म्हणजे टीव्हीला कळतं की आता पुढच्या ओळीवर जायचं. सगळं पान संपलं की दुसरी टिचकी. मग पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाच्या दहा लाख फाका केल्या, तर ओळीला त्यातल्या चौसष्ट लागतात, आणि पानाला वीस हजार."

मिरीनं चौकटी मोजल्या. आठव्या पिनेवर वीसची एक चौकट, अशा तीन चौकटी आणि वर थोडंसं, मग एक बारीक टोक. "ओळीची टिचकी!" नवव्या पिनेवर बटण फिरवून मोजलं. बरोबर वीस हजार. "पानाची टिचकी!" ती स्टुलावर उभी राहिली. मला वाटतं, शिक्षकाला पेन्शन मिळते ती अशा क्षणांच्या आठवणीत खर्च करण्यासाठीच.

राहिल्या चौथी आणि पाचवी. दोघींवर नुसती गर्दी. चौथीवर जास्त. मी चौथीवर बोट ठेवलं. "ही. बघ किती बोलतेय."

"मला तिचा संशय येतो," मिरी म्हणाली.

"का?"

"ती दमच खात नाही. लिहिणारा ओळ संपल्यावर थांबेल ना? पाचवी थांबते. चौथी कधीच थांबत नाही."

मी म्हणालो की मुद्दा विचार करण्यासारखा आहे. शिक्षक असं म्हणतो तेव्हा मुद्दा बरोबर असतो आणि शिक्षकाची तयारी झालेली नसते. आतून हसण्यासारखा आवाज आला. मी कान दिला, तर नळाचा आवाज.

रविवारी सकाळी आठलाच बसलो. आतल्या खोलीतला पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही बाहेर आणला. चित्र आणि दोन्ही टिचक्या एकाच तारेत मिसळून टीव्हीच्या पिवळ्या भोकात सोडायच्या होत्या, आणि त्यासाठी मधे योग्य मापाचे रोधक लागतात. रोधक म्हणजे विजेला जरा हळू चल म्हणणारे बारके तुकडे. मी एका मेलेल्या रेडिओतून मिळतील ते काढले. स्वाभिमानापोटी आधी चौथी पिन लावली. पडद्यावर उभे पट्टे आले, सगळे सारखे.

"आजोबा, हा तर तुमचा पायजमा आहे," मिरी म्हणाली. चौथी पिन म्हणजे नुसतं बोर्डाचं घड्याळ होतं, टिकटिक करत राहणारं.

"पाचवी लाव," मी म्हणालो. "मी तेच म्हणणार होतो."

पाचवी लावली, आणि पडद्यावर अक्षरं आली! खरीखुरी अक्षरं! पण सगळी तिरकी, फाटलेली, आणि गाडी चुकत असल्यासारखी वर पळणारी. एक शब्द वाचता येईना. मी एक रोधक बदलला. अक्षरं उलट्या बाजूला तिरकी झाली. दुसरा बदलला. दुप्पट वेगानं पळायला लागली. मिरी मान वाकडी करून पडद्याबरोबर हलत होती. घड्याळात दहाला दहा कमी होते, आणि बेल वाजली.

दारात भंगारवाला होता, हातात वजनकाटा. त्याच्यामागे सेक्रेटरी. इमारतीतून काय बाहेर जातं याची नोंद त्यांना ठेवायची होती.

"साहेब, हाच का बोर्ड?" भंगारवाला आत आला. लाल दिवा पाहून दोन पावलं मागे सरला. "हा चालू आहे. चालू माल मी घेत नाही. लोक नंतर परत मागायला येतात."

"बंद करून देतो," मी म्हणालो. शब्द म्हणजे शब्द. मिरी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, पण डोळे भरून आले होते आणि ओठ घट्ट मिटले होते.

"आजोबा, अजून दहा मिनिटं आहेत."

"पण मास्तर," सेक्रेटरी म्हणाले, "एवढा आटापिटा केलात, त्यात आहे तरी काय?"

पाच दिवसांचा अपमान माझ्या घशाशी आला होता, आणि तो कुठंतरी टाकायला हवा होता. मी म्हणालो, "काही नाही हो. ही ऑफिसात त्याच्यावर बिलं टाईप करायची. हिला तरी काय माहीत आत काय आहे ते. हिला त्यातलं काय कळणार?"

आत भांडी घासण्याचा आवाज चालला होता. तो थांबला.

ही बाहेर आली. हात पुसले. कपाटातून शिवणाचा डबा काढला. रिळं बाजूला केली, बटणांची पुडी बाजूला केली आणि तळातून एक वायर बाहेर ओढली. तिच्या एका टोकाला नऊ पिनांचा प्लग. दुसऱ्या टोकाला पिवळा. मधे काळ्या टेपचा एक गोळा. तिनं माझ्या सगळ्या तारा एका झटक्यात उपटल्या, आपला प्लग न बघता सॉकेटमध्ये बसवला, पिवळं टोक टीव्हीला लावलं आणि बोर्ड एकदा बंद करून पुन्हा चालू केला.

अक्षरं आली. सरळ, ठाम, जागच्या जागी.

पहिली ओळ: पाणी बिल विभाग. दुसरी ओळ: आवृत्ती तिसरी. तिसऱ्या ओळीत 'प्रोग्रॅम लिहिणार' असं होतं, आणि पुढे एक आद्याक्षर आणि आडनाव. त्याखाली साल.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आडनाव माझ्या सासऱ्यांचं होतं. सासरे शिंपी. त्यांनी मरेपर्यंत कॅल्क्युलेटरला हात लावला नाही, कारण तो मनातलं उत्तर सांगतो असा त्यांना संशय होता. मी हादरलो.

"तुझ्या वडिलांनी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला होता?" मी विचारलं. "आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत?"

भंगारवाल्यानं वजनकाटा खाली ठेवला. "साहेब," तो अगदी मायेनं म्हणाला, "मावशींचं माहेरचं आडनाव काय?"

मी सालाकडे पाहिलं. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचं होतं.

"आजी, तू लिहिलास?" मिरीनं विचारलं.

"आम्ही दोघी होतो ऑफिसात. दुसरी रजेवर गेली, मग मीच पुरा केला. पहिल्या दोन आवृत्त्या चुकल्या. ही तिसरी चालली, बारा वर्षं चालली." ती चिपेवरच्या कागदावरच्या त्या तिनाकडे बघत होती. आतला प्रोग्रॅम उजेडानं पुसला जाऊ नये म्हणून तो कागद होता. "मॉनिटर बिघडला की साहेबांच्या खोलीतला टीव्ही उचलून आणायचो. त्याच्यासाठी ही वायर केली होती."

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कधी सांगू? लग्न झालं, आणि आठवड्याच्या आत तुम्ही मला स्टुलावर बसवून कॉम्प्युटर म्हणजे काय ते शिकवायला घेतलंत. कागदावर चित्र काढून. 'कॉम्प्युटर म्हणजे आज्ञाधारक कारकून', असं म्हणालात. इतके रंगून शिकवत होतात, मधे कसं बोलू? म्हटलं, उद्या सांगू. मग आठवडा गेला. मग वर्ष गेलं. मग सांगितलं असतं, तर एवढे दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं."

"आणि वायर? पाच दिवस मी..."

"तुम्ही विचारलंत कुठं?"

मला तिच्या सगळ्या शंका आठवायला लागल्या. स्टुलावर बसून तिनं विचारलेल्या. काय नेमक्या शंका असायच्या! जिथं मी अडखळणार, बरोबर त्याच्या एक पाऊल आधी ती विचारायची, आणि उत्तर देता देता माझं मलाच कळायचं. मी किती वेळा खूश होऊन 'शाब्बास' म्हटलं होतं. चाळीस वर्षं मी समजत होतो की माझ्या हाताखालून एक चांगली विद्यार्थिनी तयार झाली.

"वहिनी," सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे माझ्या रिकाम्या घराला तीन महिने पाण्याचं बिल आलं होतं, ते..."

"ती दुसरी आवृत्ती," ही म्हणाली. "चुकलं होतं माझं."

चाळीसहून जास्त वर्षांनी एका संशयाला कबुली मिळाली. सेक्रेटरी खाली बसले.

"मग साहेब, न्यायचा का बोर्ड?" भंगारवाल्यानं विचारलं. पण विचारताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, हिच्याकडे पाहत होता. हिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. आणि बोर्डाखालचा टॉवेल उगाचच सरळ केला.

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. मिरीनं एकदा पडद्याकडे, एकदा आजीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग तिनं आजीचा हात धरला, तिला खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं, बुटकं स्टूल उचलून खुर्चीपुढे ठेवलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि वही-पेन्सिल माझ्या हातात दिली.